अक्षर घरात कसं आलं : एका सहामाहीचं वाचन

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि मंडळी,

विषय तुम्ही मोकळा ठेवलात. 'अलीकडे काय वाचलंत त्यावर बोला,' एवढंच सांगितलंत. तेव्हा जानेवारीपासून पावसाळा तोंडावर येईपर्यंत जे वाचलं, त्याबद्दल बोलते. पुस्तकं मोजकी आहेत, बहुतेक जुनी आहेत आणि बरीचशी याच वाचनालयाच्या मागच्या कपाटातून नेलेली आहेत. जवळजवळ सगळी बायकांनी स्वतःच्या आयुष्याविषयी लिहिलेली.

३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीनिमित्त एका शाळेत गेले होते. तिथं सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सावित्रीबाईंना जोतीरावांनी शिकवलं. मग ज्यांच्या घरी जोतीराव नव्हते त्या बायकांना कुणी शिकवलं?" आयुष्यभर मराठी शिकवलं, पण इतका नेमका प्रश्न वर्गात फार क्वचित येतो. तिथं तिला एकदोन नावं सांगितली. घरी आल्यावर ठरवलं की या सहामाहीत हाच प्रश्न घेऊन बसायचं. एकेक आत्मचरित्र घ्यायचं आणि त्यात आधी एकच जागा शोधायची: हिला अक्षर कुणाकडून मिळालं, आणि ते मिळत असताना घरात काय चाललं होतं. मग निवांतपणे बाकीचं पुस्तक.

सुरुवात रमाबाई रानड्यांपासून केली. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० सालचं पुस्तक, गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या प्रस्तावनेसह आलेलं. त्यांचे पती, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. हे पुस्तक आपण फार काळ न्यायमूर्तींचं चरित्र म्हणूनच वाचत आलो, आणि बाईंनी ते मांडलंयही तसंच. स्वतः सतत अर्धं पाऊल मागं. पण अक्षराची जागा शोधत वाचलं की त्यातलं घर दिसायला लागतं.

१८७३च्या डिसेंबरात लग्न झालं तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या आणि न्यायमूर्ती एकतीस. पहिली पत्नी जाऊन थोडेच दिवस झाले होते. विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार करणाऱ्या माणसानं वडिलांच्या आग्रहापुढं मान तुकवून एका लहान मुलीशी लग्न केलं, म्हणून त्यांच्यावर टीका झाली. ती रास्त होती असंच मला वाटतं. लग्न होताच त्यांनी हिला पाटी दिली आणि मुळाक्षरांपासून सुरुवात केली. पुढं स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजातल्या सगुणाबाई देव शिकवू लागल्या, नंतर इंग्रजीसाठी मिस हरफर्ड. एवढी हकिकत सगळ्यांना ठाऊक असते, आणि इतिहासाच्या पुस्तकात ती एवढ्यावरच संपते: सुधारक नवरा, शिकणारी बायको.

आठवणींमध्ये ती तिथं संपत नाही. घरात सासू, नणंद आणि आश्रयाला असलेल्या आणखी बायका असा मोठा गोतावळा होता. दिवसभर त्यांच्यात वावरायचं आणि रात्री वर जाऊन धडा घ्यायचा. नवरा सकाळी कोर्टात जाई. उरलेला सगळा दिवस तिचा आणि त्या बायकांचा असे. टोमणे, अबोला, मुद्दाम वाढवून दिलेली कामं. मिस हरफर्ड शिकवून गेल्या की ख्रिस्ती बाईला शिवलीस म्हणून आंघोळ. त्यात मला सर्वांत लक्षात राहिला तो घरातल्या बायकांनी दिलेला एक सल्ला. नवऱ्यानं शिक म्हटलं म्हणून लगेच शिकायला बसायचं नसतं, आपण मनावर घेतलं नाही की तो आपणच नाद सोडतो, अशा अर्थाचं त्या तिला समजावतात. हे मी पूर्वी छळ म्हणून शिकवत आले. या वेळी मला त्यात जगण्याचं एक तंत्र दिसलं. पुरुषांचे हुकूम न मोडता निष्प्रभ कसे करायचे, हे त्या पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींना शिकवत आल्या होत्या, आणि तेच त्या या नव्या पोरीला देऊ बघत होत्या.

त्यांची भीतीही समजून घ्यायला हवी. वाड्यातल्या बाईचं वजन स्वयंपाकघरात, सोवळ्यात, सणावारात. त्यातल्या जी विधवा असेल तिला तर तेवढीच एक जागा उरलेली. आता घरातली सर्वांत लहान सून वर्तमानपत्र वाचणार, साहेबांशी बोलणार आणि नवऱ्याच्या शेजारी सभेत बसणार. मग त्या मोठ्या बायकांचा मान कुठं राहिला? शिकलेली बाई विधवा होते, ही समजूत त्या काळी घरोघर होती आणि तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्या बायका दुष्ट नव्हत्या. वैधव्य म्हणजे काय, हे त्यांच्या डोळ्यांपुढं रोज जेवत होतं, तेही एकवेळ. रमाबाई हे जाणून लिहितात. त्यांच्या वाक्यांत राग आहे, पण तुच्छता कुठंच नाही. या एका गुणासाठी मी ते पुस्तक आता फार वरच्या जागी ठेवते.

ही मुलगी पुढं १९०४ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या भारत महिला परिषदेची अध्यक्ष झाली आणि पुण्याच्या सेवासदनाची उभारणीही तिनंच केली. ते तुम्हाला माहीत आहे.

फेब्रुवारीत लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' मी तरुणपणापासून वाचत आले आहे, पण शाळा-कॉलेजात हाती पडते ती बहुधा संक्षिप्त आवृत्ती. या वेळी संपूर्ण वाचली, आणि मला आवर्जून सांगायचंय की संक्षिप्तवर थांबू नका. कापलेल्या भागात विनोद कमी होत नाही, माणसं कमी होतात.

लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या. आईचे वडील १८५७च्या धामधुमीत फासावर गेले आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात यायची नाही. अशा घरातली मुलगी अकरा-बारा वर्षांची असताना नारायण वामन टिळकांच्या घरी आली. हा नवरा कवी, मनस्वी, हातात पैसा न टिकणारा, उठून कुठंही निघून जाणारा. शिकवायची हौस त्यांनाही होती, पण रानड्यांची शिस्त नव्हती. आज शिकवतील, उद्या विसरतील, परवा चिडतील. लक्ष्मीबाई शिकल्या त्या अशा तुटक्या-तुटक्या, आणि त्यांच्या गद्याची सगळी जादू मला त्या तुटकपणातच दिसते. व्याकरणाच्या पुस्तकानं किंवा इंग्रजी शाळेनं त्यांच्या मराठीला हात लावलेला नाही. बोलणाऱ्या बाईचं वाक्य जसंच्या तसं कागदावर उतरलंय. तिला माहीत आहे की कुठं थांबायचं, कुठं ऐकणाऱ्याला एक क्षण ताटकळत ठेवायचं. पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्या पासष्टी ओलांडलेल्या होत्या. १९३६ मध्ये गेल्या.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. बायकोला न सांगता. पुढची जवळपास पाच वर्षं लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे राहिल्या, पदरात लहान मुलगा. त्या काळातली पानं मी दोनदा वाचली. नवरा जिवंत आहे, पत्रं येताहेत, आणि तरी घरचे लोक जणू तो गेलाच असं वागताहेत. हळूहळू बाईंच्या मनात प्रश्न उभा राहतो: जात देवानं केली की माणसानं? त्याचं उत्तर त्या कुठल्या पुस्तकातून काढत नाहीत. स्वतःच्या डोक्यानं, वाटेत, चालता-चालता काढतात आणि ठरवतात की यापुढं कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. त्याच्याआधी हा निश्चय. सोवळ्याच्या घरातली मुलगी पाण्यापाशी येऊन थांबली आणि तिथून पलीकडे गेली. मराठीत यापेक्षा स्पष्ट वैचारिक आत्मचरित्र कुठलं असेल तर मला सांगा, मी नक्की वाचेन. आणि टिळकांनी अर्धवट टाकलेलं 'ख्रिस्तायन' पुरं करायला पुढचे ६४ अध्याय लिहिणारीही हीच बाई, जिला धड कुणी शिकवलं नव्हतं.

इथं मला थोडं थांबायचंय, कारण या दोन पुस्तकांनंतर प्रश्नच बदलला. 'अक्षर कुणी दिलं' असं मी विचारत होते. पण या बायकांकडे अक्षराच्या आधीही पुष्कळ होतं. ते कानावाटे आलेलं होतं. श्रीधराचा 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप', महिपतीच्या संतकथा, देवळातलं कीर्तन, चातुर्मासातलं पुराण, पहाटेच्या जात्यावरच्या ओव्या. गी पॉटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या एक लाखाहून अधिक भरल्या. ज्या बायकांना आपण निरक्षर म्हणून एका शब्दात निकालात काढतो, त्यांनी रचलेल्या. माझी आजी रोज संध्याकाळी पोथी उघडून बसायची. बोट ओळीवरून फिरायचं, पान बरोबर उलटायचं. तिला वाचता येत नव्हतं. पोथी पाठ होती. लहानपणी मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटतं की तिच्या पिढीतल्या बायकांचं वाचन ही गोष्ट आपण कधी नीट अभ्यासलीच नाही.

पंडिता रमाबाईंची हकिकत इथं आठवते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं म्हणून धर्मपंडितांनी त्यांना जाब विचारला, आणि त्यांनी पश्चिम घाटातल्या गंगामुळाच्या रानात आश्रम थाटला. तिथं १८५८ मध्ये रमाबाई जन्मल्या. पुढं सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हिंडलं. रमाबाईंना शिकवलं ते आईनं, पहाटे उठवून, तोंडी. हजारो श्लोक असे कानानं घेतलेले. या सहा महिन्यांत वाचलेल्या सगळ्यांमध्ये आईकडून विद्या मिळालेली ही एकटीच, आणि सर्वांत विद्वान निघाली तीही हीच. शेवटच्या काळात त्यांनी स्वतःच काढलेल्या केडगावच्या मुक्ती सदनात बसून हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. ते छापलंही तिथंच, सदनातल्या बायकांनी. आईनं तोंडी शिकवलेली मुलगी साठ वर्षांच्या आत अशा जागी पोचली, जिथं खिळे जुळवणाऱ्या हातांपासून सगळे हात बायकांचेच होते. त्यांच्या धर्मांतरावर आपल्याकडे इतकं बोललं गेलं की या छापखान्याबद्दल बोलायला कुणाला वेळच मिळाला नाही. माझ्या मते तो मराठी ग्रंथव्यवहाराच्या इतिहासातला एक मोठा प्रसंग आहे.

आता कर्व्यांचं घर. हे वाचन मला सर्वांत आवडलं, कारण एकाच घरातली तीन पुस्तकं एकापाठोपाठ एक वाचली. धोंडो केशव कर्व्यांचं 'आत्मवृत्त' १९१५चं. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचं 'माझे पुराण' १९४४चं, कावेरी कर्वे यांनी संपादित केलेलं. आणि आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी', १९२८ची.

आनंदीबाई म्हणजे पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, देवरुखच्या जोश्यांच्या. आठव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. नंतरची कितीतरी वर्षं सासरी काबाडकष्टांत. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं, तिथं दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी ही. भाऊ नरहरपंत हे कर्व्यांचे मित्र. त्यांनी आणून पोचवली. म्हणजे हिच्या बाबतीत अक्षर नवऱ्यानं दिलं नाही, बापानं दिलं नाही. एका बाईनं काढलेल्या शाळेनं दिलं. ११ मार्च १८९३ रोजी, शारदा सदनाच्या बरोबर चौथ्या वाढदिवशी, तिनं कर्व्यांशी पुनर्विवाह केला, आणि कर्व्यांच्या मुरूड गावानं त्या दोघांवर बहिष्कार घातला.

कर्व्यांचं 'आत्मवृत्त' वाचताना त्या माणसाबद्दल आदर वाढतच जातो. स्वतःविषयी इतकं निर्लेप लिहिणं सोपं नाही. पण 'माझे पुराण' हाती घेतलं की त्याच घटनांची दुसरी बाजू ऐकू येते. त्या घरातला पैसा कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या आश्रमाला जात होता, विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे झाली. आश्रमाच्या इतिहासात हा त्याग. चार मुलं सांभाळणाऱ्या बाईच्या हिशोबात हा उद्याचा प्रश्न. आनंदीबाई तो प्रश्न मोठ्यानं विचारतात. भांडतात, आणि भांडलो असं लिहितात. स्वतःच्या पायावर उभं राहता यावं म्हणून नागपूरला जाऊन सुइणीचं शिक्षण घेतात. मला हे पुस्तक कर्व्यांच्या पुस्तकाइतकंच महत्त्वाचं वाटतं, आणि खरं सांगते, वाचायला जास्त जिवंत. हिंगण्याची संस्था कशी चालली हे समजून घ्यायचं असेल तर दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवूनच वाचावी लागतील. संस्था माणसाच्या त्यागावर उभी राहते असं आपण म्हणतो तेव्हा त्या माणसाच्या घरात महिन्याचं वाणसामान कुणी भरलं, हे विचारायची सवय आपल्याला नाही.

पार्वतीबाईंबद्दल किती सांगू? त्याही विधवा, केशवपन झालेल्या. बहिणीमागं हिंगण्याला आल्या, शिकल्या, आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव भाषणं देत हिंडल्या. केस ठेवायचा निर्णय १९१२ साली घेतला, चाळिशी उलटल्यावर. इंग्रजी येत नाही ही खंत त्यांना आयुष्यभर होती. पुन्हापुन्हा सुरुवात केली, आश्रमाच्या कामानं पुन्हापुन्हा मोडली. शेवटी १९१८ मध्ये, अठ्ठेचाळीस वर्षांच्या वयात, ही शाकाहारी ब्राह्मण विधवा एकटी अमेरिकेला निघाली. तिथं लोकांच्या घरी भांडी घासली, घरकाम केलं, आणि ते करत इंग्रजी शिकली. जी कामं आपल्या घरात विधवेवर लादली जात, तीच कामं परदेशात पैसे घेऊन केली. त्यात कमीपणा वाटला नाही, हे त्या सरळ लिहितात. ही हकिकत आज एखाद्या मुलीला सांगितली तर ती आधी विचारते की मग यांचं नाव आम्हाला माहीत का नाही. माझ्याकडे त्याचं उत्तर एवढंच आहे की हे पुस्तक फार काळ सहज मिळतच नव्हतं.

एप्रिल-मे मध्ये मी मुद्दाम वाट बदलली. कारण इथवरची सगळी पुस्तकं ब्राह्मण घरांतली होती, आणि त्या सातवीतल्या मुलीचा प्रश्न त्यांच्यापुरता नव्हता. ज्या घरात पाटीच नव्हती, आणि ज्या घराला पाटीपासून लांब ठेवण्यात आलं होतं, तिथं काय झालं?

तसा या प्रश्नाचा सर्वांत जुना धागा १८५५ सालचा आहे. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापला गेला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. शाळकरी मुलगी, नुकतं अक्षर हाती आलेलं, आणि ती पहिल्याच झटक्यात विचारते की ज्यांना धर्मग्रंथ वाचायचाच अधिकार नाही, त्यांचा धर्म कोणता? रमाबाई रानड्यांच्या पुस्तकाच्या पंचावन्न वर्षं आधी. यानंतर मुक्ताचं काय झालं, तिनं आणखी काही लिहिलं का, याचा मागमूस नाही. इतक्या ताकदीची लेखणी, आणि मागं एकच निबंध. ताराबाई शिंद्यांचंही तसंच: १८८२चं 'स्त्रीपुरुष तुलना', आणि मग शांतता. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापेपर्यंत मराठी वाचक ते विसरून गेले होते.

मुक्ता साळवेनंतर बाईनं लिहिलेलं दलित आत्मकथन पुस्तकरूपानं यायला सव्वाशे वर्षं गेली. कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' १९८१चं. नागपूरच्या दलित वस्तीतली मुलगी संस्कृत शिकते, एम.ए. होते, आणि नोकरी मिळत नाही. पुढं आंतरजातीय लग्न होतं, सोमकुवर आडनाव जाऊन पावडे येतं, आणि नोकरी मिळते. त्या स्वतःच लिहितात की नोकरीचं श्रेय पावडे या नावाला, कुमुद सोमकुवर तिथंच राहिली. पुस्तकातल्या त्या लेखाची काही पानंच आहेत, पण मी ती वाचल्यावर दोन दिवस दुसरं काही उघडलं नाही. शांताबाई कांबळे यांचं 'माझ्या जल्माची चित्तरकथा' १९८६चं, सोलापूर जिल्ह्यातल्या पहिल्या दलित शिक्षिकेचं. तेही वाचा. शिक्षिका म्हणून मला ते फार जवळचं वाटलं.

पण मला बोलायचंय ते बेबी कांबळे यांच्याबद्दल. 'जिणं आमुचं', १९८६. बेबीताईंचा जन्म १९२९चा, पुरंदर तालुक्यातल्या वीरगावचा. पुढं संसार फलटणला. शाळेत गेल्या, पण वर्गात सवर्ण मुलींच्या बाजूला बसायची सोय नाही, हेटाळणी रोजची. लग्न लहान वयात झालं, शाळा सुटली. मग नवराबायकोनं छोटंसं किराणा दुकान टाकलं. दुकानात माल बांधून द्यायला वर्तमानपत्रांची रद्दी यायची. गिऱ्हाईक नसलं की ही बाई ते कागद वाचायची. पुडी बांधण्याआधी वाचून घ्यायचं. हेच तिचं वाचनालय. माझ्या त्या एका प्रश्नाची जितकी उत्तरं या सहामाहीत मिळाली, त्यातलं हे मला सर्वांत जास्त हलवून गेलं. रानड्यांच्या घरी शिकवायला बाई येत होती. इथं अक्षर साखरेच्या पुडीवरून उचलावं लागलं.

आणि वाचता-वाचता तिनं लिहायला सुरुवात केली. वह्या घरातल्या अडगळीत लपवून ठेवल्या, नवऱ्यापासून आणि मुलापासूनही. वीस वर्षं. फलटणला राहून शिक्षणाचं काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांना त्या वह्यांचा सुगावा लागला आणि त्यांनी प्रकाशित करायचा आग्रह धरला. आधी 'स्त्री' मासिकातून क्रमशः, मग पुस्तक. पुढं माया पंडित यांनी इंग्रजीत अनुवाद केला आणि बेबीताईंची मुलाखत घेतली, तेव्हा संसारातली मारहाण, नवऱ्याचा संशय हे सगळं बाहेर आलं. मूळ पुस्तकात त्यातलं जवळजवळ काही नाही. तिथं सगळं समाजाचं आहे: महारवाड्यातली भूक, अंगात येणं, सासुरवाशिणींचे हाल, आणि बाबासाहेबांच्या भाषणानंतर पोरांना शाळेत घालायचा निर्धार. बाबासाहेबांनी सांगितलं म्हणून बायांनी देव मागं टाकले आणि मुलं शाळेत धाडली, ती पानं वाचताना एक गोष्ट लक्षात आली. अक्षराचा निर्णय इथं एका नवऱ्यानं एका बायकोपुरता घेतलेला नाही. सगळ्या वस्तीनं मिळून घेतलाय, आणि त्यात पुढं बाया आहेत.

सासवांबद्दल मघाशी बोलले. बेबीताईही सासवांबद्दल लिहितात, आणि फार कठोर लिहितात. सुनेला छळणारी सासू, पायात लाकडाचा ओंडका अडकवलेली सून. पण लगेच त्या हेही सांगतात की या सासवांनाही कधीकाळी असंच सोसावं लागलं होतं, आणि ज्यांना गावानं गुलाम केलं त्यांना घरात तरी कुणावर हुकमत गाजवायची होती. रमाबाई रानडे आणि बेबी कांबळे यांची जात, वर्ग, काळ, बोली सगळं वेगळं. तरी दोघींनाही आपल्याला छळणाऱ्या बाईच्या मागं उभं असलेलं काहीतरी दिसतं. सहा महिन्यांत मला जे काही मिळालं, त्यात हे सर्वांत मोलाचं.

मे अखेरीला बहिणाबाई चौधरींच्या कविता पुन्हा काढल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. त्या म्हणत गेल्या आणि मुलानं, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावानं टिपून घेतल्या. त्या १९५१ मध्ये गेल्या, संग्रह १९५२ मध्ये आला, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. त्याआधी तीनशे वर्षं संत बहिणाबाईंनी अभंगांतून स्वतःचं आयुष्य सांगितलं होतं, नवऱ्याच्या मारासकट, तुकोबांना गुरू केलं म्हणून सोसलेल्या रागासकट. मराठीतलं बाईचं पहिलं आत्मचरित्र कुठलं, या चर्चेत हे अभंग आपण सहसा धरत नाही. धरले पाहिजेत. आणि दोन्ही बहिणाबाईंचं आपल्यापर्यंत पोचलं, कारण कुणीतरी लिहून ठेवलं. ज्यांच्या घरात सोपानदेव नव्हता अशा किती जणी असतील, हा विचार मनातून जात नाही.

आता शेवटी दोन कामाच्या गोष्टी. कुणी विचारलं की यातलं आधी काय वाचू, तर 'स्मृतिचित्रे'ची संपूर्ण आवृत्ती घ्या आणि शक्य झालं तर घरात मोठ्यानं वाचा. तिची वाक्यं कानासाठी आहेत. लगेच पाठोपाठ 'जिणं आमुचं' घ्या, मध्ये दुसरं काही नको.

आणि एक विनंती. तुमच्या घरी आईच्या, आजीच्या, आत्याच्या वह्या असतील: ओव्यांच्या, पाककृतींच्या, हिशोबाच्या, कुणाला कधीच न दाखवलेल्या. मोडीत लिहिलेली पत्रं असतील. रद्दीत देऊ नका. वाचनालयाच्या कार्यकर्त्यांशी मी बोलले आहे. वह्या दोन दिवसांसाठी आणून दिल्यात तर त्यांच्या प्रती काढून मूळ वही तुम्हाला परत मिळेल. ज्यांच्या घरी वह्या नाहीत पण गाणी म्हणणारी, गोष्ट सांगणारी म्हातारी बाई आहे, त्यांनी फोनवर तिचा आवाज टिपून आणावा. उतरवून घ्यायला मी दर शनिवारी दुपारी इथं वरच्या खोलीत बसणार आहे. मोडी वाचता येणारं कुणी असेल तर त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला भेटावं, त्यांची फार गरज लागणार आहे.